पाणंदीतला चिखल, घाटातला चिखल आणि टायरची निवड

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२१ ची फोर-बाय-फोर महिंद्रा थार, टायरचे माप २४५/७५ आर १६ (रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १६ इंची), आणि मूळचे टायर आता गोटा, म्हणजे झिजून गुळगुळीत, व्हायला आलेले. आठवडाभर पुण्यात रोज पंचवीस-तीस किलोमीटरचे येणे-जाणे, पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी मुळशी, ताम्हिणी, वेल्हे या बाजूच्या कच्च्या वाटा, आणि वर्षातून चार-पाच वेळा परभणी जिल्ह्यातील शेतावर जाणे, जेथे शेवटची अडीच किलोमीटर पाणंद, म्हणजे शेताकडे जाणारी कच्ची वाट, निव्वळ काळ्या मातीची आहे. गेल्या ऑगस्टमध्ये गाडी त्या पाणंदीत रुतली, शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने टोचन करून बाहेर काढावी लागली, आणि तेव्हापासून मित्रमंडळी ‘आता मड टायरच घ्या’ असा आग्रह धरून बसली आहेत. तो मानून खास चिखलासाठीचे मड टायर घ्यावेत, की डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणाऱ्या ऑल-टेरेन टायरवर भागवावे, असे तुम्ही विचारले आहे.

माझे उत्तर ऑल-टेरेन असे आहे. परंतु ज्या कारणांनी मी येथे पोहोचलो, ती तुमच्या गाडीपुरती आणि तुमच्या रस्त्यांपुरती आहेत. परभणीच्याच एखाद्या शेतकऱ्याने हाच प्रश्न विचारला असता, तर मी कदाचित उलट सांगितले असते. म्हणून कारणे जरा विस्ताराने मांडतो.

दोन्ही टायरांतील मूळ फरक नक्षीचा आहे. ऑल-टेरेनमध्ये रबराचे ठोकळे मध्यम आकाराचे आणि एकमेकांना बऱ्यापैकी चिकटून असतात, आणि त्या ठोकळ्यांच्या माथ्यावर पुष्कळ बारीक चिरा दिलेल्या असतात. मड टायरचे ठोकळे मोठे आणि उंच असतात, त्यांच्यामधल्या खाचा रुंद आणि खोल असतात, बारीक चिरा मात्र फार थोड्या असतात. नव्या ऑल-टेरेनची नक्षी साधारणतः दहा ते बारा मिलिमीटर खोल असते. मड टायरची त्याहून काही मिलिमीटर जास्त. ही रुंद खाच कशासाठी असते, हे शेतीशी संबंध असलेल्या माणसाला वेगळे समजावण्याची गरज नसावी. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाकडे पाहा: तिरप्या, उंच पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा. पट्टी मातीत रुतून तिला मागे ढकलते, आणि चाक वर येताना मधली माती सुटून पडते. भाताच्या चिखलणीला तर हेही पुरत नाही, म्हणून लोखंडी केजव्हील लावतात. त्यात पोकळीच पोकळी असते. मड टायर हा याच विचाराचा, पण रस्त्यावरही चालेल असा, तडजोडीचा अवतार आहे.

खाचेतली माती सुटून पडली, तरच मड टायर हा मड टायर राहतो. खाचा भरून तशाच राहिल्या, तर ऑल-टेरेन काय आणि मड काय, दोन्ही लिंपलेल्या मडक्यासारखे गुळगुळीत होतात. माती सुटण्यासाठी दोन गोष्टी लागतात: खाच पुरेशी रुंद हवी, आणि चाक पुरेशा वेगाने फिरायला हवे, म्हणजे माती भिरकावली जाते. वळणाच्या, अरुंद, दोन्ही बाजूंना बांध असलेल्या पाणंदीत आपण पहिल्या गिअरमध्ये हळूहळू चाललो, तर चाकाचा वेग इतका कमी असतो की मड टायरची खाचही भरून जाते. म्हणूनच अशा जागी ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) लोमध्ये, म्हणजे कमी वेग-जास्त जोराच्या पल्ल्यात, टाकून दुसऱ्या, कधी तिसऱ्या गिअरमध्ये एकसारखी गती ठेवावी लागते. अर्धी लढाई तेथे जिंकली जाते, आणि ती ऑल-टेरेनवरही बऱ्याच अंशी जिंकता येते.

आता मातीकडे वळतो, कारण ‘चिखल’ हा एकच शब्द आपण तीन-चार अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो.

परभणीची काळी माती ही बेसॉल्ट झिजून तयार झालेली भारी चिकण माती आहे. तिच्यातील खनिजे पाणी शोषून फुगतात; उन्हाळ्यात जिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच जमीन पावसात लोण्यासारखी मऊ आणि डिंकासारखी चिकट होते. ती टायरला चिकटते, त्या थरावर पुढचा थर बसतो, आणि थोड्या अंतरात चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागाही भरून जाते. माती चाकाखाली दबून घट्ट होत नाही, ती बाजूला सरकते. आणि भारी जमिनीत खाली टेकायला कडक थर पुष्कळदा हाताच्या अंतरात नसतोच. या मातीत मड टायर ऑल-टेरेनपेक्षा निश्चितच पुढे जातो. पण किती पुढे? माझ्या अनुभवात, जेथे ऑल-टेरेन शंभर पावलांवर थांबतो, तेथे मड टायर दोनशे-अडीचशे पावलांवर थांबतो. तुमची पाणंद अडीच किलोमीटरची आहे. सलग चार दिवसांच्या झडीनंतर ती कोणत्याही टायरवर पार होईल, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. आणि झड थांबून दोन दिवस ऊन पडले, वरचा थर वाफशाच्या, म्हणजे जास्तीचे पाणी निथळून माती कामाजोगी होण्याच्या, जवळ आला, तर ती हवा कमी केलेल्या चांगल्या ऑल-टेरेनवरही बहुधा पार होईल. म्हणजे जो फरक तुम्ही टायरकडून मागत आहात, त्यातला मोठा भाग दोन दिवस थांबण्यात आहे. शेतकरी वाफसा पाहूनच तिफण घालतो. गाडीलाही तोच नियम लावावा.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी शहरातून येणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. मड टायर जोरात फिरवून गाडी काढली, की पाणंदीत गुडघाभर चाकोऱ्या पडतात. आपण रविवारी संध्याकाळी पुण्याला परततो. त्या चाकोऱ्यांतून बैलगाडी आणि दुधाचे कॅन बांधलेली मोटारसायकल पुढचे दोन महिने काढावी लागते ती गावातल्या माणसांना.

मुळशी-ताम्हिणीकडचा चिखल वेगळा आहे. तेथे बहुतेक कच्च्या वाटांवर मुरूम किंवा दगड आहे, आणि त्यावर बोट-दोन बोटे जाडीचा निसरडा राड असतो. खाली टणक जमीन हाताशी आहे. अशा ठिकाणी टायरचे काम वरचा थर कापून खालच्या टणक थराला भिडण्याचे असते, आणि ते ऑल-टेरेन व्यवस्थित करतो. येथे फार रुंद टायरही तोट्याचा ठरतो, कारण तो राडावर तरंगतो. जुनी बैलगाडीची चाके उंच आणि अरुंद असत, ती काही उगाच नव्हे. मारुतीच्या जिम्नीसारखी हलकी गाडी १९५ मिलिमीटरच्या टायरवर अशा वाटा किती सहज काढते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे पटेल. कोकणातल्या जांभ्याच्या वाटांचेही बरेचसे असेच आहे: लाल पाण्याचे लोट भयंकर दिसतात, पण जांभा खरखरीत असतो आणि त्याखाली आधार असतो.

खरी अडचण येते ती ओल्या कातळावर, शेवाळ धरलेल्या दगडांवर आणि सगळ्यात जास्त म्हणजे ओल्या डांबरावर. येथे पकड मिळते ती रबराच्या प्रत्यक्ष स्पर्शातून. ठोकळ्यांवरच्या बारीक चिरांच्या कडा पाण्याचा पातळ पापुद्रा फोडतात आणि रबर दगडाला भिडते. मड टायरमध्ये जमिनीला टेकणारे रबर मुळातच कमी, चिरा थोड्या, आणि काप पडू नयेत म्हणून रबराचे मिश्रणही बहुधा चिवट ठेवलेले. साचलेल्या खोल पाण्यात त्याच्या रुंद खाचा पाणी बाहेर टाकायला उपयोगीच पडतात, हे मान्य करायला हवे. धोका असतो तो पाऊस नुकताच सुरू झालेल्या, तेलकट, चकचकीत रस्त्यावर, जेथे पाणी केवळ पापुद्र्याएवढे असते. तेथे मड टायरची गाडी थांबायला अधिक अंतर घेते आणि वळणावर लवकर सुटते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या जीपला मी हौसेने मड टायर बसवले होते, आणि जुलैमधल्या एका सकाळी घाट उतरताना, वेग चाळीसच्याही आत असताना, एका साध्या वळणावर मागची बाजू अशी सरकली की गाडी आडवी होऊन डोंगराकडच्या गटारात बसली. दरी दुसऱ्या बाजूला होती, एवढेच माझे नशीब. त्या मोसमात मी ज्या चिखलासाठी ते टायर घेतले होते, त्यात एकूण तीन वेळा गेलो होतो. ओल्या घाटातून मात्र प्रत्येक आठवड्याला जात होतो. टायर निवडताना अवघड जागेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, वारंवार येणाऱ्या जागेकडे पाहावे, हा धडा मी त्या गटारात बसून शिकलो.

तुमचा हिशेब याच दृष्टीने मांडतो. पुणे ते परभणी जाऊन-येऊन साधारण आठशे किलोमीटर डांबर आणि काँक्रीट, आणि त्यासाठी पाणंदीचे पाच किलोमीटर. वर्षातल्या पाच फेऱ्यांपैकी चिखलाचे दिवस कदाचित दोनच फेऱ्यांना लागतात. मुळशी-ताम्हिणीकडच्या कच्च्या वाटा सोडल्या, तर उरलेले सगळे रस्ते डांबरी आहेत, आणि वर्षातले चार महिने ते ओले असतात. मड टायरचा आवाज साठ-सत्तरच्या पुढे सततच्या घरघरीसारखा येतो आणि टायर झिजत जाईल तसा वाढतो. वजन जास्त असल्यामुळे गाडी जरा आळसावते, डिझेल अधिक लागते, आणि डांबरावर मोठ्या ठोकळ्यांची झीज करवतीच्या दातांसारखी असमान होते. एखाद्याला हे सगळे सोसवते आणि आवडतेही. आवडीला माझी हरकत नाही. मात्र गरज म्हणून तुमच्या बाबतीत ते सिद्ध होत नाही.

याउलट, ज्याचे घरच शेतात आहे, ज्याला जून ते ऑक्टोबर रोज दोनदा काळ्या मातीतून जावे लागते आणि महामार्गावर महिन्यातून एखादी फेरी होते, त्याने मड टायरच घ्यावेत. स्पर्धेत उतरणाऱ्यांचेही तसेच. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये ज्या गाड्या दिसतात, त्यांना मड टायरहूनही उग्र नक्षीचे टायर असतात. पण त्या गाड्यांना विंच (दोराने गाडी ओढून काढणारे यंत्र) असतात, शेजारी सहचालक दोर घेऊन चिखलात उतरलेला असतो, आणि कित्येक गाड्या स्पर्धेच्या जागी ट्रकवर लादून आणलेल्या असतात. त्यांची चित्रफीत पाहून रोजच्या गाडीचा टायर ठरवणे म्हणजे कुस्तीचा लंगोट नेसून कचेरीत जाण्यासारखे आहे.

आता हवेविषयी, कारण या विषयात सर्वांत जास्त फायदा आणि सर्वांत कमी खर्च येथेच आहे. ढोबळ गणित असे: एका चाकावर ४५० किलो भार आहे आणि हवा ३० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो आहे, असे धरले, तर टायरला जमिनीवर साधारण २१५ चौरस सेंटिमीटर टेकावे लागते. हवा १८ पीएसआयवर आणली, तर हाच आकडा ३५५ च्या आसपास जातो. टायरच्या बाजूच्या भिंतीचा ताठरपणा काही भार स्वतः उचलतो, त्यामुळे प्रत्यक्ष वाढ याहून कमी असते, पण ती चांगलीच जाणवते. शिवाय हा ठसा रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतो, म्हणजे टायर थोडासा रणगाड्याच्या पट्ट्यासारखा वागू लागतो. गेल्या ऑगस्टमध्ये गाडी रुतली तेव्हा टायरमध्ये हवा किती होती, हे तुम्ही लिहिलेले नाही. माझा अंदाज असा की ती महामार्गाचीच होती. गोट्याला आलेली नक्षी आणि महामार्गाची हवा, या दोन गोष्टी घेऊन काळ्या मातीत उतरल्यावर गाडी रुतली, याचा दोष ऑल-टेरेन या प्रकाराला देता येणार नाही.

पाणंदीच्या तोंडाशी थांबून चारही चाकांची हवा अठरा ते वीसवर आणा. दगडधोंड्यांच्या वाटेवर वीस-बावीसच्या खाली जाऊ नका. पंधराच्या खाली तर साध्या रिमवर जाऊच नये, कारण जोरात वळवताना टायर रिमवरून निसटतो, आणि चिखलात तो पुन्हा बसवणे हा तासभराचा कार्यक्रम होतो. कमी हवेवर वेग तीस-चाळीसच्या आत ठेवा आणि डांबर लागताच हवा पुन्हा भरा. कमी हवेचा टायर महामार्गावर तापतो आणि फुटतो. यासाठी एक चांगला प्रेशर गेज आणि बॅटरीच्या क्लॅम्पवर चालणारा कॉम्प्रेसर लागतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरचे छोटे पंप चार मोठे टायर भरताना फार तापतात. मड टायर आणि ऑल-टेरेन यांच्या किमतीत जो फरक पडेल, त्यातून या दोन वस्तूंचा बराचसा खर्च निघावा.

पंक्चरच्या भीतीनेही लोक मड टायरकडे वळतात. ही भीती अस्थानी नाही: वेल्हे-मुळशी भागात फुटलेल्या बेसॉल्टच्या कडा धारदार असतात, आणि त्या नक्षीत नव्हे तर बाजूच्या भिंतीत घुसतात, जेथे पंक्चरवाल्याची दोरी किंवा मशरूम चालत नाही, टायर टाकूनच द्यावा लागतो. परंतु भक्कम भिंत ही काही मड टायरची मक्तेदारी नाही. ऑल-टेरेनमध्येही जाड, तीन थरांच्या भिंतीचे टायर मिळतात, विशेषतः मापाच्या आधी ‘एलटी’ (लाइट ट्रक) अक्षरे असलेले. मात्र एलटी टायर वजनाला जड आणि ताठ असतात, तोच भार पेलायला त्यांना जास्त हवा लागते, आणि रिकाम्या गाडीत रस्त्याचे हादरे जास्त बसतात. तुमच्या वापरासाठी मी साध्या बांधणीचा ऑल-टेरेन घेईन आणि दगडांत चाक कोठे ठेवतो याकडे लक्ष देईन. ज्यांचे प्रत्येक सुट्टीचे ठिकाण गडाच्या पायथ्याचा दगडी चढ आहे, त्यांनी एलटीचा विचार करावा.

मापाच्या बाबतीत मोहात पडू नका. बरेच जण २६५/७५ आर १६ बसवतात. २४५/७५ आर १६ चा व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर येतो, २६५ चा ८०४. म्हणजे गाडी जमिनीपासून केवळ दीड सेंटिमीटर उंच होते. बदल्यात मडगार्डमधली जागा कमी होते, जी काळ्या मातीत आधीच अपुरी असते. स्पीडोमीटर सुमारे चार टक्के कमी दाखवू लागतो, गिअर तेवढेच लांब होतात, आणि चढावर इंजिन दमते. नोंदणीत नमूद असलेल्या रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे निर्बंध आहेत, आणि अपघातानंतर विमा कंपनी अशा बदलांवर बोट ठेवते, तेही विसरू नये. कंपनीने तुमच्या मॉडेलला दिलेले माप ठेवा. भारांक आणि वेगाचे अक्षर मूळ टायरच्या खाली येऊ देऊ नका: उदाहरणार्थ १११ हा भारांक म्हणजे एका टायरला १०९० किलो. पुष्कळ मड टायर ‘क्यू’ अक्षराचे, म्हणजे ताशी १६० किलोमीटरचे असतात. ऑल-टेरेन बहुधा ‘एस’ किंवा ‘टी’ म्हणजे १८० किंवा १९० चे मिळतात.

पैसे वाचवण्यासाठी मागे मड आणि पुढे जुने टायर, अशी युक्ती तुम्हाला कोणीतरी सुचवली आहे. ती मुळीच करू नका. तुमच्या गाडीत फोर-एच किंवा फोर-एल (चारही चाकांना ताकद देणारा हाय किंवा लो पल्ला) लावला, की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच गतीने फिरायला बांधले जातात. चाकांचे घेर वेगळे असतील, तर तो फरक कोठे तरी जिरावा लागतो आणि तो गिअरच्या दातांवर येतो. ओल्या वळणावर पुढची आणि मागची पकड वेगवेगळी असणे हा त्याहून मोठा धोका आहे. चारही टायर एकाच वेळी, एकाच जातीचे घ्या. जमल्यास स्टेपनीसह पाच घेऊन आठ-दहा हजार किलोमीटरला आळीपाळीने फिरवा, म्हणजे पाचवा टायर मागच्या दारावर नुसता म्हातारा होत नाही.

कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, परंतु चिखलात ऑल-टेरेनचा गुण निम्मी खोली उरेपर्यंतच असतो. पाच-सहा मिलिमीटरच्या खाली आला, की तो रस्त्याचा टायर समजावा आणि पाणंदीत कोरड्या दिवसांतच जावे. शक्य असेल तर मे महिन्याच्या शेवटी नवा संच बसवा, म्हणजे सर्वांत खोल नक्षी सर्वांत ओल्या महिन्यांच्या वाट्याला येते. दुकानात टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे स्वतः वाचा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, ‘१४२५’ म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा. दीड-दोन वर्षे गोदामात पडलेला टायर सवलतीत मिळत असला, तरी तुमच्या वापरात तो झिजण्याआधी कडक होण्याचीच शक्यता जास्त. आणि बसवून झाल्यावर दुकानदाराला हवा डोळ्यांदेखत मोजायला लावा. अनेक ठिकाणी सरसकट ३५-४० भरून देतात, आणि तुमच्या गाडीचा खरा आकडा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेला असतो.